वीणाकाकूंचा कॉम्प्युटर थकला होता

विद्यारण्यपुऱ्याच्या त्या घरात सगळ्यात जास्त दमलेलं कोण, असं कुणी विचारलं असतं तर वीणाकाकूंनी आधी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं असतं आणि मग स्वतःकडे. कॉम्प्युटरचं बटण दाबायचं, मग कुकर लावायचा, शिट्ट्या झाल्या की येऊन बघायचं, कॉम्प्युटर उघडला असेल तर उघडला. नसेल तर भाजी चिरायची. आणि उघडल्यावर पण असा घरघरायचा, जसं काही त्याला कुणी जिना चढायला लावलंय.

अरविंदकाकांनी त्याच्यावर इलाज केला होता. उभा जन्म सरकारी कारखान्यात गेलेला माणूस, मशीन तापलं की हवा द्यायची एवढं त्यांना पाठ. त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याचा बाजूचा पत्रा काढून टाकला आणि समोर टेबलफॅन लावून ठेवला.

"वय झालंय त्याचं," ते म्हणायचे. "माणसाचं होतं तसं."

"मग माझ्यासमोर पण ठेवा एक टेबलफॅन."

"तुझ्यासमोर मी आहे की."

काकू परत स्वयंपाकघरात जायच्या. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरकडे गेल्या तर डॉक्टर पण हेच म्हणाले, वय. झोप लागत नाही, वय. हळूहळू त्यांनी विचारायचंच सोडून दिलं होतं, स्वतःबद्दल पण आणि त्या डब्याबद्दल पण.

तरी दर रविवारी त्या त्याच्यासमोर बसायच्या. कारण इथल्या मराठी मंडळाचं स्थळं सुचवायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि ते कसं आलं तर घरात कॉम्प्युटर होता आणि त्यांना मराठी टाईप करता यायचं, बस. फुकटचं काम. इथल्या जुन्या मराठी घरातली मुलं, जी आईला पण "जरा थांब"च्या जागी कानडी "स्वल्प थांब गं" म्हणतात, आणि पुण्या-नागपूरहून आयटीत आलेल्या मुली, ज्यांना या शहरात आजारी पडलं तर खिचडी करून द्यायला कुणी नाही, असे सगळे त्यांच्याकडे यायचे. काकू स्वतः मिरजेहून लग्न करून आल्या तेव्हा पहिलं वर्ष रडून काढलेलं. बोलायला कुणी नाही म्हणजे काय असतं ते त्यांना माहीत होतं. म्हणून करायच्या.

आणि मंडळात त्यांची एकच ख्याती होती. काकूंच्या पोटात गेलेली गोष्ट बाहेर येत नाही. कुणाचं ठरून मोडलं, कुणाला गोळ्या चालू आहेत, कुणाचा भाऊ घर सोडून गेलाय, सगळं काकूंना माहीत आणि काकूंपुरतंच. बाकी त्यांच्याकडे मिरवण्यासारखं काही नव्हतं. हे एवढं होतं.

तर त्या रविवारी दुपारी सुखदा आली. न सांगता. दारात सँडल काढले, पण खांद्यावरची बॅग काढलीच नाही, तशीच सोफ्याच्या कडेला बसली.

सुखदा नागपूरची. इंदिरानगरला दोन मैत्रिणींबरोबर राहायची, सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम. दिवाळीनंतर ती पहिल्यांदा आली होती, पेनड्राईव्हवर फोटो घेऊन. फोटो छान होता, निळ्या साडीत, आणि शेजारी व्हीलचेअरवर तिचे बाबा. तेव्हा ती खिडकीकडे बघत म्हणाली होती, "काकू, बाबांना कापाल का यातून? लोक आधी त्यांचंच विचारतात. मग परत फोनच करत नाहीत." काकूंनी कापला. पण बाबांची बोटं तिच्या मनगटावर होती आणि ती काही केल्या जाईनात, म्हणून फोटो आणखी वरून कापावा लागला. सुखदा तेव्हा पाणी प्यायला म्हणून आत गेली ती बराच वेळ आली नव्हती.

"काकू, एक विचारू? राग नका मानू," ती आता म्हणाली. "तुम्ही बाबांच्या खुर्चीबद्दल कुणाला सांगितलं?"

"नाही गं. कुणाला सांगणार?"

"मल्हारला?"

"कोण मल्हार?"

सुखदाने डोळे मिटले. हेच उत्तर येणार असं तिला वाटलं होतं आणि हेच येऊ नये असंही.

मग तिने सगळं सांगितलं, भरभर, मध्ये न थांबता. मल्हार म्हणून एकाचा मेसेज आला, मंडळातून बायोडाटा मिळाला म्हणाला. मूळचा कोल्हापूरचा, नोकरी डब्लिनला. रोज बोलायचा. आवाज चांगला, घाई नाही, फालतू काही विचारणं नाही. आठवड्यापासून म्हणत होता की आधार आणि पासपोर्टचे फोटो पाठव, व्हिसाची चौकशी करून ठेवतो. आणि काल म्हणाला, लग्नात बाबांची खुर्ची मी ढकलेन, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.

"मी रडले काकू. खरंच रडले. आज सकाळी कपडे वाळत घालताना डोक्यात आलं, मी तर त्याला खुर्चीचं सांगितलंच नाहीये. विचारलं तर म्हणतो, काकूंनीच सांगितलं ना."

"पाठवलेस का गं ते फोटो, आधारचे?"

"आज पाठवणार होते."

"मी नाही सांगितलं, सुखदा," त्या म्हणाल्या, आणि बोलता बोलताच त्यांना कळलं की हे किती पोकळ वाटतंय. चोर पण हेच म्हणतो. सुखदा खाली फरशीकडे बघत होती. ती भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती नुसतीच दमलेली होती.

आतल्या खोलीत काका आडवे झाले होते, ते उठून दारात आले. "ही सांगणार नाही गं," ते म्हणाले. "मला सुद्धा सांगत नाही. तुझ्या बाबांना खुर्ची लागते हे मला आत्ता कळतंय."

काका काही बाजू घेत नव्हते, उलट ती त्यांची जुनी तक्रार होती, आणि म्हणूनच बहुतेक सुखदाला ते पटलं. तिने बॅग खाली ठेवली.

"मग तो पूर्ण फोटो कुठंय?"

"यातच," काकू म्हणाल्या.

दोघी डब्याकडे बघायला लागल्या. तो चालू होता. पडद्यावर काही नाही, नुसतं गणपतीचं चित्र. आणि आतून घुंघुं घुंघुं चाललेलं.

"काकू, काही चालू ठेवलंय का? डाउनलोड वगैरे?"

"नाही गं. तो असाच असतो. वय झालंय."

सुखदा खुर्ची ओढून बसली. इंटरनेट उघडलं तर नेहमीचं पान येईना, भलतंच काहीतरी आलं, इंग्रजी, जाहिरातींनी भरलेलं. "हे तुम्ही ठेवलंत?" आपोआप आलं, काकू म्हणाल्या, मला वाटलं हल्ली असंच असेल. मध्येच एक चौकट आली, सुखदाने वाचायच्या आत काकूंचा हात सवयीने पुढे गेला. "त्याला सरी, बरं बरं, म्हणायचं आणि पुढे जायचं. दिवसातनं धा वेळा येते."

"थांबा थांबा. नका दाबू." सुखदाने खालच्या कोपऱ्यात बघितलं. ढालीचं छोटं चित्र आणि त्यावर लाल फुली. "अँटिव्हायरस बंद आहे."

"ते श्रीरंगभावजींनी केलंय. मराठीसाठी."

"मराठीसाठी म्हणजे?"

म्हणजे असं, की मंडळाचे सगळे बायोडाटा ज्या मराठी फाँटात होते तो फाँट विकत घ्यावा लागायचा, आणि मंडळातल्या श्रीरंगभावजींनी तो कुठूनतरी पेनड्राईव्हवर तसाच मिळवला होता. तो टाकायच्या आधी अँटिव्हायरस बंद करायचा, नाहीतर तो त्याला व्हायरस समजून उडवतो, असं ते म्हणाले होते. आणि नंतर पण बंदच ठेवायचा. अँटिव्हायरसला मराठी कळत नाही, वहिनी, असं पण म्हणाले होते, आणि सगळे हसले होते.

सुखदा हसली नाही. ती आता मॉनिटरवर बसवलेल्या छोट्या कॅमेऱ्याकडे बघत होती. त्याच्यावर एक मरून टिकली चिकटवलेली.

"ही काय?"

"तिथे हिरवा दिवा लागतो मधूनच. डोळ्यात जातो. मुलीशी बोलायला घेतला होता तो कॅमेरा, हल्ली ती फोनवरच बोलते."

"मधूनच लागतो? तुम्ही न लावता?"

सुखदाने नखाने टिकली काढली. दिवा लागलेला होता. टिकली दिव्यावर होती, शेजारचं काळं भिंग उघडंच होतं, आणि ते भिंग सोफ्याकडे तोंड करून होतं, जिथे दर रविवारी मुली येऊन बसायच्या आणि काकूंना जे कुणालाच सांगत नाहीत ते सांगायच्या.

काकूंनी तोंडावर पदर धरला.

"मी नेटची वायर काढते," सुखदा म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता मागून वायर ओढली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग घुंघुं जरा खाली आलं. अजून खाली. आणि मग जवळजवळ थांबलंच, नुसता टेबलफॅन ऐकू यायला लागला. ती खोली इतकी शांत असू शकते हे त्या घरात सगळे विसरून गेले होते. काका पण दारातून पुढे आले.

"मी यातली एक्स्पर्ट नाही," सुखदा म्हणाली. "ऑफिसमधलं कुणीतरी नीट बघेल. पण तो म्हातारा नव्हता काकू. त्याच्याकडून कुणीतरी दुसरंच काम करून घेत होतं. दिवसभर. आतलं बाहेर पाठवायचं काम."

काकू स्टुलावर बसल्या. सगळी लक्षणं समोर होती. तापणं, धापा टाकणं, दिवा, फुली, चौकटी. सगळं दिसत होतं आणि त्या म्हणत राहिल्या वय, वय, वय. कारण त्यांना स्वतःला पण सगळे तेच म्हणत होते, आणि दमलेल्या माणसाला दुसरं दमलेलं काही दिसलं की त्याची दया येते, संशय येत नाही. त्याच्यावरची धूळ पुसून त्या कधीकधी त्याला थोपटायच्या सुद्धा. हे आठवलं आणि त्यांना शिसारी आली.

त्यांनी श्रीरंगभावजींना फोन लावला, स्पीकरवर. भावजींनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "वहिनी, तो फाँट तर सगळ्यांकडेच टाकलाय मी."



"बोंबाबोंब करू नका," भावजी मग म्हणाले. "मी येतो, सगळं पुसून नवीन टाकू. कुणाला कळायचं नाही. उगाच मंडळाचं नाव जाईल."

"नाव माझं जाणार आहे, भावजी. माझ्या घरातनं गेलंय."

"तेच म्हणतोय. कशाला स्वतःहून?"

काकूंनी सुखदाकडे बघितलं. ती फोनमध्ये बघत होती, त्यावर मल्हारचा नवीन मेसेज आलेला, जेवलीस का म्हणून. ती तो नुसताच बघत होती, उघडत नव्हती.

"अशी अजून कुणीतरी असेल," काकू म्हणाल्या. "तिला कोण सांगणार? तुम्ही बाकीच्यांना फोन करा, ज्यांच्याकडे टाकलंय त्यांना. माझे मी करते." आणि फोन ठेवला.

घरांचे नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये होते. पहिलाच फोन एका मुलीच्या वडिलांना. काकूंनी सगळं सरळ सांगितलं, फोटो, पत्ता, फोन नंबर सगळं बाहेर गेलंय असं धरून चाला, ओळख सांगून कुणी कागद मागितले तर देऊ नका. तिकडून ते म्हणाले, "म्हणजे आमच्या मुलीचा फोटो आता बाजारात का? तुमच्यावर विश्वास ठेवला म्हणून दिला होता." काकू म्हणाल्या, हो. दुसरं काय म्हणणार. दुसऱ्या घरी त्यांचं बोलणं पूर्ण व्हायच्या आतच फोन कट झाला. तिसरीकडे एक बाई म्हणाल्या, जाऊ दे हो वीणाताई, तुमचं वय झालंय, आता सोडा हे काम. हे सगळ्यात जास्त लागलं.

चौथा फोन अमृताच्या आईला होता. त्या ऐकत राहिल्या, आणि मग त्यांचा आवाजच बदलला. "आमच्या अमृताशी एक जण बोलतो. आशय नाव. डब्लिनचा. तिच्या मोडलेल्या साखरपुड्याचं त्याला माहीत होतं. आम्हाला वाटलं तुम्हीच सांगितलं असेल, बरंच झालं, लपवायला नको." मग तिकडे लांबून हाका मारल्याचा आवाज आला, अमू, अमू, ते पासपोर्टचं पाठवू नकोस, थांब.

काकूंनी फोन मांडीवर ठेवला.

सुखदाने ते ऐकलं होतं. दोन नावं, एक डब्लिन. तिने मल्हारला ब्लॉक केलं. काही लिहिलं नाही, शिवी पण नाही.

"बरं बोलायचा हो," ती म्हणाली. "बाबांची खुर्ची ढकलेन असं आजपर्यंत कुणीच म्हटलं नव्हतं."

काकू उठून तिच्याजवळ बसल्या. त्यांनी नुसता तिच्या मनगटावर हात ठेवला. सुखदाने तो काढला नाही.

"मी तुमच्यावर संशय घेतला," ती म्हणाली.

"घ्यायलाच हवा होतास. मी पण त्याच्यावर घ्यायला हवा होता." काकूंनी डब्याकडे मान केली. "आता तुझं कसं करायचं? नको असेल तर तुझं नाव काढून टाकते."

"राहू द्या," ती म्हणाली. "सगळं साफ झालं की नवीन बायोडाटा देईन. फोटो तोच देईन. पण कापू नका."

"नाही कापत."

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि न विचारता चहाचं आधण ठेवलं. काकूंनी चष्मा लावला, मोबाईलवर पुढचं नाव शोधलं. अजून खूप घरं उरली होती आणि प्रत्येक घरी तेच सांगायचं होतं, पहिल्यापासून. काका इतका वेळ शांत झालेल्या डब्यासमोर उगाच फिरणाऱ्या टेबलफॅनकडे बघत उभे होते. त्यांनी तो वायरीसकट उचलला आणि बायकोच्या बाजूला वळवून ठेवला.

"स्वल्प हळू करा," काकू म्हणाल्या, "मला तिकडचं ऐकू येत नाही," आणि पाचवा नंबर लावला.