जळिताची पाळी

आमच्या घरात राग नाकाच्या शेंड्यावर आणि हात त्याच्याही पुढे. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण आमच्यात शहाणं कुणी नव्हतंच. वडील चपलेनं मारायचे, थोरला भाऊ बुक्कीनं, आणि मी सगळ्यांत लहान म्हणून चावायचो. वडील गेल्यावर भाऊ माईजवळ, वडीगोद्रीच्या अलीकडे शेतात राहिला. मी नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीच्या ऑफिसवरची खोली घेतली आणि लॅपटॉप उघडून बसलो. मला वाटलं, मारामारी सुटली.

काम मिळालं ते एका साखर कारखान्याचं. कुणाच्या उसाला तोड कधी, हे शेतकऱ्याला मोबाइलवर दिसावं, अशी वेबसाइट. ज्याची लागवड आधी त्याची पाळी आधी, वशिला बंद. ती मी क्लाउडवर चढवली. साइटला लागणारं सगळं एका कंटेनरमध्ये, म्हणजे बंद डब्यात, भरायचं आणि तो डबा दूर कुठल्याशा भाड्याच्या मशीनवर चालवायचा. मशीन केवढं, डबे किती, आत नियम कोणते, हे सगळं आधी फाइलींत लिहून ठेवायचं. फायली पाठवल्या की जुना डबा मोडतो आणि लिहिल्याबरहुकूम नवा उभा राहतो. मधल्या काळात कुणी चालत्या डब्यात हातानं काही खुपसलं असेल, तर तेही जुन्या डब्याबरोबर कचऱ्यात जातं. ही गोष्ट मला फार आवडायची. माणसाच्या हातावर माझा लहानपणापासून विश्वास नाही.

थंडी सरत आली होती. एका दुपारी भाऊ जिना चढून आला आणि त्यानं दार लावून घेतलं.

"उसाला तुरे फुटले. उभा वाळून राह्यला. तोडणाऱ्यांची टोळी शेजारी आली, आपल्याकडं न्हाई. वर घे आपला."

"पाळी फाइलीप्रमाणं लागते, भाऊ. कुणालाच वर घेता येत न्हाई."

"फाइल तूच लिहिली ना?"

"म्हणून तर."

पुढं बोलणं झालं नाही. त्यानं माझं डोकं धरून लोखंडी कपाटावर आपटलं. मी त्याच्या मनगटाचा चावा घेतला आणि रक्त आलं तरी सोडला नाही, तेव्हा त्यानं चार्जरची वायर माझ्या गळ्याभोवती आवळली. आवाज ऐकून खालच्या ऑफिसातली माणसं जिन्यात येऊन उभी राहिली. वर कुणी आलं नाही. माझा पुढचा दात अर्धा तुटून जिभेवर आला होता. तो थुंकून मी म्हणालो, "गट नंबर सांग."

त्यानं शेताचा नंबर सांगितला. वायर गळ्यात तशीच होती. मी चालत्या डब्यात शिरून नियमांखाली एक ओळ घातली: हा गट सगळ्यांच्या वर. साइटवर तो ऊस पहिला आला. भावानं आपल्या मोबाइलवर खात्री केली आणि मनगटाला माझाच टॉवेल गुंडाळला.

"मारल्याबिगर तुला समजत न्हाई," म्हणाला आणि गेला.

ती ओळ मी फाइलीत घातली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी साइटचा नेहमीचा बदल पाठवला, जुना डबा मोडला, नवा उभा राहिला आणि भावाची ओळ गेली. टोळी तोवर आमच्या बांधापर्यंत आली होती. तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसानं मोबाइल बघितला आणि गाड्या पुढं वळवल्या. हे मला माईनं फोनवर सांगितलं. मी तुटक्या दातानं हसलो. खरं सांगतो, इतका आनंद मला पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

दुपारी माझ्याच साइटचा मेसेज माझ्याच मोबाइलवर आला. आपल्या उसाची जळीत म्हणून नोंद झाली आहे. आपली पाळी पहिली.

जळालेल्या उसाचं वजन भराभर उतरतं, म्हणून थोडी कपात करून तो सगळ्यांच्या आधी तोडतात. हा कारखान्याचा नियम मी स्वतः फाइलीत लिहिला होता, स्क्रीनवर खोटे ऊस जाळून तपासलाही होता. तो पुसला जाणार नव्हता. म्हणजे भावानं काडी लावली होती. पण मेसेज मला का यावा, ते कळेना. मी नोंद उघडली. गट कालचाच होता. शेतकरी म्हणून नाव माझं होतं.

वाटणीत वडिलांनी विहिरीजवळचा तुकडा माझ्या नावावर केला, हे मला ठाऊक होतं. त्याचा नंबर कधी पाठ केला नव्हता. इतकी वर्षं रात्रीच्या विजेवर त्याला पाणी दिलं ते भावानं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून जास्तच राग आला.

मी पोचलो तेव्हा टोळी तोडीला लागली होती. काळा ऊस, काळी माणसं, पायाखाली गरम राख. भाऊ बांधावर बसला होता. भुवया जळालेल्या, मनगटावर माझे दात उमटलेले.

"माझा ऊस हाय म्हणून काल का न्हाई सांगितलं?"

"तुझा म्हणलं असतं तर तू बिलकुल वर घेतला नसता."

ते खरं होतं. म्हणूनच मी सगळ्या अंगाचा जोर लावून त्याच्या तोंडावर ठोसा मारला. नाकातून रक्ताची धार लागली. तो उठून मला तुडवेल म्हणून मी उभा राहिलो. त्यानं हात उचलला नाही. बाहीनं नाक पुसलं, टोळीतल्या एकाकडून कोयता मागून घेतला आणि मूठ माझ्याकडं केली.

मी रागातच उसावर पहिला घाव घातला, कमरेच्या उंचीवर.

"बुडातून घाल," भाऊ म्हणाला. "वरून तोडला तर बराबर फुटत न्हाई परत."