बोटीची किल्ली

माझा नवरा सिक्स्टन हट्टी, पण पाण्यावर त्याचा शब्द शेवटचा. चाळीस वर्षं या बेटांमधून त्यानं परक्यांची जहाजं वाट दाखवत सुखरूप बाहेर काढली. पाण्याखालचा एकेक खडक त्याला तोंडपाठ. हाच माणूस गेल्या महिन्यात आमच्याच धक्क्याला बोट बांधून मला विचारतो, "इथं कोण राहतं गं?" त्याच रात्री मी बोटीची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली.

म्हटलं, या विसरण्याचं कारण शोधायला डॉक्टरांनी काढलेलं मणक्यातलं पाणी तपासून येऊ दे, मग बघू. तोवर साहेब माझ्याशी धड बोलत नव्हते.

रिपोर्ट सकाळी फोनवर आला. आमच्याकडे डॉक्टरच्या आधी पेशंटच वाचून मोकळा होतो.

"मायब्रिट, अमिलॉइड कमी!" तो स्वयंपाकघरात नाचतच आला. "मेंदूत साचतं ते प्रोटीन हेच ना? कमी आलंय! काढ किल्ली."

"पण दुसरं ते टाऊ नावाचं प्रोटीन जास्त लिहिलंय की."

"एक कमी, एक जास्त. फिटंफाट!"

मलाही हसू फुटलं. खरं सांगते, इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. किल्लीचं पीठ झटकलं आणि ती त्याच्या हातावर ठेवली. शेजारच्या यॉर्डिसला पलीकडच्या किनाऱ्यावर दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. तिला घेऊन तो निघाला, मी वेलचीचे बन ओव्हनमध्ये सरकवले.

तेवढ्यात पुढची तारीख द्यायला दवाखान्यातून नर्सचा फोन.

"अमिलॉइड कमी आलंय, म्हणजे सुटलो ना आम्ही?" मी आनंदानं विचारलं.

"नाही हो. पाण्यात कमी आहे, कारण ते मेंदूतच अडकून त्याच्या गुठळ्या झाल्यात. टाऊ पेशींना आतून आधार देतं. ते बिघडलं की आतच गुंता होतो, पेशी मरायला लागतात आणि ते पाण्यात उतरतं. सध्या त्यांना बोट चालवू देऊ नका."

मी चपला न घालताच धक्क्याकडे पळाले. धुकं उतरलं होतं. सिक्स्टन फोन उचलेना, यॉर्डिसही उचलेना. घरातून बन जळल्याचा वास यायला लागला, पण मी धक्का सोडला नाही. कुठून दुर्बुद्धी सुचली आणि किल्ली दिली!

शेवटी इंजिन ऐकू आलं. सुकाणूवर यॉर्डिस होती.

"अर्ध्या वाटेत मलाच विचारतो, आपण कुणाला आणायला चाललोय!" ती वर चढता चढता फणकारली. "म्हटलं, दात गेला खड्ड्यात, तू आधी सरक बाजूला!"

सिक्स्टननं दोर बांधला, न बघता, नेहमीसारखा. मग माझ्याकडे पाहिलं. "कमी म्हणजे चांगलंच ना गं?"

"नाही रे. पाण्यात कमी, म्हणजे डोक्यात साचलंय."

त्यानं वाकून बोटीतली किल्ली काढली. मी हात पुढे केला, पण त्यानं ती यॉर्डिसच्या मुठीत कोंबली.

"तू ठेव. मी कितीही भांडलो तरी देऊ नकोस. हिच्याकडे नको, मी हसलो की ही देऊन टाकते."