एकविसाव्या पानावरची चांदणी

वाचनालयातले जुने वाचक पुस्तकात खुणा करतात. रहस्यकथांची नावं सगळी सारखीच, त्यामुळे पुस्तक वाचून संपलं की प्रत्येकजण आपल्या ठरलेल्या पानावर पेन्सिलीने बारीकशी खूण करतो. म्हणजे तेच पुन्हा घरी येत नाही. माझ्या आईचं पान एकविसावं. खूण चांदणीची, खालचा पाय लांब ओढलेली. तिच्या मांडीवर बसून मी ती काढताना कितीदा पाहिली होती.

मी सात वर्षांची असताना आई माहेरी गेली आणि तिथेच तापाने वारली, असं बाबांनी सांगितलं. फोटोला हार आला. दर पितृपक्षात अविधवा नवमीला तिच्या नावाने सवाष्ण जेवायला यायची. आत्या स्वयंपाक करायची, मी वाढायचे, ओटी भरून त्या बाईच्या पाया पडायचे. खिरीची वाटी ठेवताना दरवर्षी मला रडू यायचं. बाबा समोर बसून ते बघायचे.

पुढे कर्वेनगरच्या एका शाळेत मला नोकरी लागली आणि त्याच भागातल्या सार्वजनिक वाचनालयात मी नाव घातलं. तिथे पाटी होती: 'खुणा करण्याची हौस असल्यास पुस्तक विकत घ्यावे.' एका घराण्याने लपवून ठेवलेल्या गुपिताची कादंबरी मी घरी नेली. पुस्तक कोरं होतं, त्याच महिन्यात आलेलं. एकविसाव्या पानावर चांदणी होती. खालचा पाय लांब.

ग्रंथपालांना विचारलं. ते म्हणाले, "वारज्याच्या बाई. दर शनिवारी येतात. पाटी वाचता येत नाही बहुतेक, बाकी सगळं वाचतात."

घरी येऊन मी बाबांना सरळ विचारलं, "आई जिवंत आहे?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. "कोणी सांगितलं?"

खोटं आहे, असं ते म्हणाले नाहीत.

"तिने दुसरा संसार मांडला. सात वर्षांच्या पोरीला काय सांगायचं होतं मी?"

"आणि तिला हे माहीत होतं? आपण तिला मारलंय हे?"

"दोघांनी मिळूनच ठरवलं," बाबा म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. जिवंत बाईचं श्राद्ध घालताना या माणसाचा हात एकदाही अडखळला नव्हता. मी भिंतीवरचा फोटो काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन पोटभर रडले.

शनिवारी जाऊन तिच्यासमोर उभी राहू शकले असते. पण मला तिने यायला हवं होतं. वाचनालयात नवी रहस्यकथा आली, ती मी हट्टाने आधी घेतली आणि एकविसाव्या पानाच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलं, 'आई, मी अजून सदाशिव पेठेत, त्याच घरी आहे. ये.' शुक्रवारी पुस्तक परत केलं. शनिवारी ते वारज्याला गेलं.

आठवडाभर दारावरची बेल वाजली की मी धावत होते. दूधवाला, इस्त्रीवाला, शेजारच्या काकू.

पुढच्या सोमवारी पुस्तक परत आलेलं दिसलं. तिथेच उभ्याने पान उघडलं. माझी ओळ खोडरबराने पुसलेली होती, अगदी नीट, कागदाला धक्का न लावता. त्या जागी चांदणी होती. म्हणजे ओळ वाचून झाल्यावर आईने ते पुस्तक शेवटपर्यंत वाचलं होतं.