न दुखणारी जखम

डॉक्टरांनी माझा कॅनव्हासचा बूट उलटा केला आणि टेबलावर झटकला. आतून शिशाचा एक खिळा पडला. आम्ही कंपोझिटर लोक छपाईच्या अक्षराला खिळा म्हणतो. लांबीला जेमतेम इंचभर, पण कडा धारदार.

"किती दिवस होता हा बुटात?"

मला ठाऊक नव्हतं. डाव्या तळव्याला, अंगठ्याशेजारच्या बोटाखाली, चवलीच्या नाण्याएवढं भोक पडलं होतं. त्यातून पाणी येत होतं, आणि मी मात्र त्याच पायावर रोज दहा तास उभा राहून गिरगावातल्या छापखान्यात खिळे जुळवत होतो. माझ्या पत्नीला, मालतीला, फरशीवर पिवळट डाग दिसले म्हणून आम्ही परळच्या इस्पितळात आलो. मी स्वतःहून आलोच नसतो. कारण दुखत नव्हतं.

डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितलं. "टोचलं की बोला." मी डोळे मिटून वाट बघत बसलो. बराच वेळ गेला तेव्हा विचारलं, "सुरू करताय ना?"

"संपलं," ते म्हणाले.

डोळे उघडले तर तळव्यावर रक्ताचे सहा-सात बारीक ठिपके होते.

मग लघवी तपासली. परीक्षानळीत निळं औषध घालून ती दिव्यावर धरली. निळं हिरवं झालं, हिरवं पिवळं झालं, आणि शेवटी विटेसारखं लाल. "डायबेटीस," डॉक्टर म्हणाले, "म्हणजे मधुमेह. साखर रक्तात साचते आणि पायाच्या नसा मारते. दुखत नाही म्हणून खूश होऊ नका. दुखलं असतं तर पहिल्याच दिवशी तुम्ही बूट काढून पाहिला असता."

मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो. सहा-आठ महिने तहान फार लागत होती, वजन उतरलं होतं, चालताना पायाखाली कापूस असल्यासारखं वाटायचं. हे तिन्ही मी मालतीला सांगितलं होतं, पण वेगवेगळ्या दिवशी, गप्पांच्या ओघात. तुमच्यापैकी कुणाला असं होत असेल तर एका दमात, एकाच माणसाला सांगा. आणि तो माणूस डॉक्टर असू द्या.

त्याच दिवशी मला भरती करून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डिब्राइडमेंट झालं. म्हणजे जखमेतलं मेलेलं मांस कापून काढणं. भूल दिली नाही, गरजच नव्हती. मी उशीला टेकून बसलो होतो आणि माझ्या पायाचे तुकडे चिमट्यानं ताटलीत ठेवले जाताना पाहत होतो. आजवर मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्या वेळी. दुखण्याची नव्हे. शेजारच्या माणसाचा पाय असावा तसा तो मला वाटला, त्याची.

मग डॉक्टरांनी एक बारीक सळई भोकातून आत घातली. ती कशावर तरी टेकली आणि टक्‌ असा आवाज आला.

"हाड," ते म्हणाले. एवढंच.

एक्स-रे काढला. ऑस्टिओमायलायटिस, म्हणजे हाडात शिरलेला पू. पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. जखमेत युसॉलमध्ये भिजवलेली जाळीची पट्टी भरायचे. युसॉल म्हणजे जखम धुवायचं औषधी पाणी, त्याला ब्लीचिंग पावडरीसारखा वास येतो.

हे काम साळवे नावाच्या ड्रेसरकडे होतं. उंच, अबोल माणूस. राहायला जवळच गिरणगावातल्या चाळीत. खरं सांगायला हवं म्हणून सांगतो, माझ्या आईनं त्यांना आमच्या उंबरठ्याच्या आत घेतलं नसतं, आणि मीही तिला कधी काही म्हटलं नसतं. त्या माणसानं माझा नासका पाय रोज दोनदा मांडीवर घेतला. एकदाही नाक मुरडलं नाही. उलट ते वाकून मुद्दाम वास घ्यायचे.

"डोळे फसतात," मी विचारल्यावर ते म्हणाले. "नाक नाही फसत."

माझ्या शेजारच्या खाटेवर माझगावच्या गोदीतले रामजीभाऊ होते. त्यांचंही हेच. आधी एक बोट काढलेलं. मी आलो त्या आठवड्यात त्यांचं अर्धं पाऊल काढलं, पुढच्या आठवड्यात गुडघ्याखाली. ते हसून म्हणायचे, "मास्तर, मी हप्त्याहप्त्यानं जातोय." एका सकाळी त्यांना पुन्हा नेलं. दुपारी वॉर्डबॉय येऊन त्यांची गादी गुंडाळून घेऊन गेला. त्या दिवसापासून मी स्ट्रेचरची चाकं वाजली की पाय पांघरुणात ओढून घ्यायचो.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. शहरात गोळीबार झाला आणि एका दुपारी वॉर्डाचं दार बंदच होईना. माणसं खांद्यावर येत होती, हातगाडीवर येत होती. कुणाच्या मांडीत गोळी, कुणाच्या पोटात. खाटांच्या मधल्या जमिनीवर गाद्या पडल्या. संध्याकाळी डॉक्टर माझ्याकडे आले. दोन दिवस झोपले नसावेत.

"तुमची जखम सध्या स्वच्छ आहे. खाट मला हवी आहे. घरी ड्रेसिंग जमेल?"

मी काही बोलायच्या आत मालती म्हणाली, "शिकवा. जमेल."

साळव्यांनी तिला अर्ध्या तासात शिकवलं. चिमटा वीस मिनिटं उकळायचा. पट्टी आत ठासायची नाही, नुसती भरायची. जुनी पट्टी टाकण्याआधी वास घ्यायचा. "वहिनी, वास बदलला, की कुणाची वाट बघायची नाही. थेट इथं."

घरी आलो आणि तिसऱ्या दिवशी कर्फ्यू लागला. आमच्या चाळीच्या गॅलरीतून रस्ता दिसायचा. एरवी माणसांनी फुललेला रस्ता रिकामा, मधे विटांचे तुकडे आणि एक चप्पल. लांबून फटाक्यासारखे आवाज यायचे. मालती स्टोव्हवर चिमटा उकळायची, पदर कमरेला खोचून जमिनीवर बसायची, आणि पट्टी नाकाशी न्यायची. मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचो. माझ्या पायाची खबर मला तिथूनच कळायची.

सहाव्या दिवशी सकाळी तिनं पट्टी नाकाशी नेली आणि तशीच धरून ठेवली.

"काय झालं?"

"काही नाही." मग तिनं पुन्हा वास घेतला. "अहो, कपडे घाला."

दुसरं बोट टोकाला जांभळं होतं. काळं पडत चाललं होतं. मला थंडी वाजून ताप भरला होता. ह्याला गँगरीन म्हणतात. बाकीचं शरीर जिवंत असताना एक भाग मरतो, आणि मेलेला भाग जिवंत भागाला ओढायला लागतो.

खाली नाक्यावर पोलीस होते. शेजारी म्हणाले, बाहेर पडू नका, विचारत नाहीत, गोळी घालतात. मालतीनं ऐकून घेतलं. मग ती काढलेली पट्टी तिनं पितळी डब्यात ठेवली, वर झाकण लावलं आणि एकटी जिना उतरली. मी कठड्याला धरून उभा होतो. ती दोन्ही हात वर करून रस्त्याच्या मधोमध चालत गेली. एका हातात डबा.

"बाई, थांबा! डब्यात काय आहे?" हवालदार ओरडला. दुसऱ्यानं बंदूक उचलली.

तिनं डबा जमिनीवर ठेवला, झाकण काढलं आणि मागं सरकली. "हवालदारसाहेब, वास घ्या. माझ्या नवऱ्याचा पाय आहे तो. वास घ्या, आणि मग मला परत पाठवा."

हवालदार वाकला आणि झटकन सरळ झाला. त्याच्याही घरी कुणी असावं. तो गाडीकडे गेला. दहा मिनिटांनी दोन शिपायांनी मला उचलून पोलिसांच्या गाडीत घातलं. जाळीतून मला निर्मनुष्य लालबाग दिसलं. सगळी दुकानं बंद, सगळ्या खिडक्या बंद. मला वाटलं, हे मी शेवटचं पाहतोय.

इस्पितळात डॉक्टरांनी पाय पाहिला आणि मालतीला समोर बसवून, माझ्यादेखतच सांगितलं, "आज दोन बोटं आणि त्यांच्या मागची हाडं काढतो. लाली घोट्यापर्यंत चढलीये. ती थांबली तर पाऊल वाचेल. चढली तर गुडघ्याखाली कापावं लागेल. त्यापुढे मला आत्ता बोलायचं नाही."

मी शुद्धीवर आलो तेव्हा घोट्याभोवती कॉपिंग पेन्सिलीनं, न पुसणारी जांभळी रेघ ओढलेली होती. लाली कुठवर आहे त्याची ती खूण. साळवे दर चार तासांनी येऊन बघायचे. पहिल्या दिवशी लाली रेघेच्या वर एक बोट गेली. त्यांनी नवी रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी अजून अर्धं बोट. तिसरी रेघ. मी रामजीभाऊंचा विचार करायचा नाही असं ठरवलं होतं आणि दुसरा कुठलाच विचार येत नव्हता. डॉक्टरांनी पाय कापायच्या संमतीचा कागद आणून ठेवला. मी सही केली. मालतीनं तो घडी करून उशीखाली ठेवला, म्हणाली, "मागतील तेव्हा देऊ."

तिसऱ्या दिवशी साळवे आले, वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग पेन्सिल खिशात ठेवली.

"थांबली," ते म्हणाले.

कागद कुणी मागितला नाही.

पुढचे पाच महिने नुसत्या पट्ट्यांचे. शेवटी मांडीची पातळ कातडी काढून जखमेवर लावली, तिला स्किन ग्राफ्ट म्हणतात. मांडी मात्र भयंकर दुखली, आणि मला रडू आलं ते आनंदानं. साळव्यांनी परळच्या एका चांभाराला बसवून माझ्या मापाचा रुंद बूट करून घेतला. छापखान्यात मी आता स्टुलावर बसून काम करतो. साळव्यांनी पुढं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मला घरी जेवायला बोलावलं. मी गेलो, मालतीला घेऊन. आईला सांगूनच गेलो.

महाराष्ट्राचं राज्य झालं त्या आठवड्यात मी पेढ्यांचा पुडा घेऊन इस्पितळात गेलो. साळवेभाऊंनी पुड्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बसा. दोन्ही पाय वर घ्या."

"अहो, जखम भरून वर्षं झाली. आज मी नुसते आभार मानायला आलोय."

"माना की. पाय वर घेऊन माना."

त्यांनी आधी डावा पाहिला, ठीक होता. मग उजवा, माझा चांगला पाय, हातात घेतला आणि टाचेपाशी थांबले. तिथं रुपयाएवढा फोड होता, पाण्यानं टच्च भरलेला. आदल्या दिवशी मिरवणुकीत मी तीन तास चाललो होतो. संध्याकाळी मालती नेहमीसारखी पाय बघायला बसली, तेव्हा मीच म्हणालो होतो, आजच्या दिवस राहू दे, सण आहे.

मला काहीही कळलं नव्हतं. आताही कळत नव्हतं.

साळवेभाऊ रागावले नाहीत. त्यांनी फोड साफ केला, पट्टी बांधली, आठ दिवस चालायचं नाही म्हणून बजावलं. मग साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, पुडा सोडला, एक पेढा तोंडात टाकला आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसले.

"हं, बोला आता. कसले आभार?"

मी उजव्या टाचेवरच्या नव्या पट्टीकडे बोट केलं.