खारं पाणी

माझा धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला होता. ऐंशी-एक्क्याऐंशीच्या सुमारास एकदा तो नाशिकरोडला आमच्याकडे आला, तो समुद्राच्या पाण्याचे कॅन आणि बादलीत एक दगड घेऊनच. दगडाला तांबूस, मऊ भूछत्रं चिकटलेली.

"ताई, ही खरी भूछत्रं नाहीत, प्रवाळाच्या जातीतले प्राणी आहेत. जिवंत! तू शाळेत सायन्स शिकवतेस ना? सांभाळ," असं म्हणून तो गेला, आणि माझ्या जिवाला चैन राहिली नाही.

काचेची टाकी केली, वर ट्यूबलाइट, आत हवेचा पंप. माझे मिस्टर जवळच्याच एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला, तरी आमच्याकडे वीज जायचीच. पंप बंद पडला की मी पळीने पाणी ढवळत बसायची. शाळेत शिकवताना मन टाकीपाशी. मधल्या सुट्टीत सायकल हाणत घरी यायचं, बघायचं, परत पळायचं.

उन्हाळ्यात पाणी भराभर कमी होऊ लागलं. कमी झालं की मी कॅनमधलं ओतायची. तरी भूछत्रं आक्रसत गेली, बटणाएवढी झाली. दोन तर दगडावरून सुटून पडली. मी टाकीची जागा बदलली, लाइट बदलला, मिस्टरांवर विनाकारण चिडले.

एका दुपारी धावत घरी आले, तर सासूबाई हंड्यातलं साधं पाणी तांब्याने टाकीत ओतत होत्या.

"आई, काय करताय! मरतील ना ती!"

"अगं, आमटी आटली तर तू काय घालतेस? मीठ का पाणी?" त्या शांतपणे म्हणाल्या. "मी बोट बुडवून चाखलं. लय खारट झालंय. पाणी उडतं, मीठ थोडंच उडतं?"

त्याच आठवड्यात मी सातवीच्या फळ्यावर मिठागराची आकृती काढली होती.

"कधीपासून घालताय?"

"चार दिवस झाले. तुला विचारलं असतं, तर घालू दिलं असतंस?"

नसतंच दिलं. तसं म्हणाले, माफीही मागितली.

आठवड्याभरात एक भूछत्र उमललं, मग बाकीची. पुढे दोन वर्षं ती जगली. मी काचेवर पाण्याच्या पातळीची रेघ मारून ठेवली होती. जेवता जेवता उठून ती पाहून यायची, आणि सासूबाई म्हणायच्या, "बस गं जरा, पळून नाही जात ती."