रिकाम्या खोलीची टेप

काल भाचीच्या नव्या फ्लॅटमध्ये होम थिएटर बघून आले. एसी सुरू झालेला कळलासुद्धा नाही, इतका शांत... आणि मला एकदम नागपूरच्या रामदासपेठेतली मे महिन्यातली ती दुपार आठवली. आज सांगूनच टाकते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच आर्किटेक्ट झाले होते आणि बाई माणूस घराचे नकाशे काढते याचंच लोकांना नवल. अशात काटोलकडचे संत्र्याचे मोठे व्यापारी वसंतराव माझ्याकडे आले. नागपुरातल्या बंगल्यातली एक मोठी खोली त्यांना घरचं थेटर करून हवी होती.

"पैशाचं पाहू नका मॅडम," ते म्हणाले. "पन असं बनवा का टाकीजवाल्याले रडू आलं पाहिजे."

असं गिऱ्हाईक आयुष्यात एकदाच येतं. मीही वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले... परदेशी प्रोजेक्टर, माणसाच्या उंचीचे स्पीकर, भिंतींत आवाज शोषणारं ग्लासवूल, त्यावर सागवान, दाराला रबर. आत टाळी वाजवली तर जिथल्या तिथे मरायची.

अडचण एकच, आपला उन्हाळा. कुलर लावावा तर त्याच्या घरघरीत हिरॉइन काय बोलते ते कळणार नाही, न लावावा तर प्रेक्षक उकडून निघतील. म्हणून मी कुलर मागच्या अंगणात नेला आणि हवा पत्र्याच्या डक्टमधून आत आणली. हा डक्ट शेजारच्या खोलीवरून येत होता. तिथे वसंतरावांची आई असायची.

"तिथंबी एक जाळी काढा," वसंतराव म्हणाले. "मायले गरमी सहन नाई होत." काढली.

आईंना आदल्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला होता आणि तेव्हापासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. डॉक्टरांनी वाचा गेली म्हणून सांगितलं होतं. वसंतराव रोज सकाळी खाटेजवळ बसून म्हणायचे, "माय, एक डाव हाक मार ना वं." त्या भिंतीकडे बघत राहायच्या. एवढा पैशावाला माणूस, पण जीव अडकला होता तो त्या एका हाकेत.

फिटिंग संपल्यावर मी रिकाम्या खोलीची टेप केली. आमच्या कॉलेजातल्या सरांची ही पद्धत... कान खोलीला सरावतो, टेप सरावत नाही. कुलर बंद करायचा, माइक मधोमध ठेवायचा, रेकॉर्डर सुरू करून बाहेर यायचं आणि मग ती टेप मोठ्या आवाजात ऐकायची. कुठे काय गुणगुणतं, कोणता पत्रा थरथरतो, सगळं कळतं.

टेप ऐकायला वसंतरावही हौसेने शेजारी बसले. आधी नुसती शांतता... मग एका बाईचा आवाज.

"अजी... झोपले काय?"

दार मीच लावलं होतं, आत कोणी नव्हतं. टेपवर थोडा वेळ काही नाही, कोणीतरी उत्तर द्यायला लागेल तेवढाच वेळ. मग ती बाई हसली. "मले काहून हसवता? बगीच्याले पानी देलं का नाई ते सांगा ना."

वसंतराव टेपजवळ वाकले. "माय हाय ही," ते म्हणाले. "माह्या बापासंग बोलून राहिली." त्यांचे वडील जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

आवाज डक्टमधून आला हे मला लगेच कळलं. कुलर बंद असला की दोन जाळ्यांमधला तो पत्रा म्हणजे टेलिफोनच.

आम्ही धावत शेजारी गेलो. आई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. वसंतराव पायाशी बसले. "माय, मले ऐकू आलं. माह्यासंग बोल ना वं." ओठसुद्धा हलला नाही.

मी म्हटलं, उद्या येऊन तिथली जाळी बुजवते, थेटरात आवाज येणार नाही. वसंतराव इतके चिडले की मी दचकलेच. "हात नका लावू तिले!"

पुढच्या आठवड्यात पडद्याचं राहिलेलं काम बघायला गेले, तर भर दुपारी हा माणूस कुलर बंद करून थेटरात एकटा बसलेला. घामाने निथळत होता. मला खुणेनेच बस म्हणाला.

समोर पांढरा पडदा, भोवती रिकाम्या खुर्च्या. वरच्या जाळीतून आईंचा आवाज येत होता. काहीतरी विचारायच्या, थांबायच्या, "हो ना" म्हणायच्या. त्या थांबल्या की मी कान टवकारायची आणि लगेच वाटायचं, नको, काही ऐकू यायला नको...

मग आवाज एकदम हळू झाला. "अजी, हळू बोला. वसंता तिकडं बसून ऐकून राहिला."

वसंतरावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. पलीकडे पुन्हा तेवढीच शांतता. मग आई मोठ्याने, चक्क जाळीच्या दिशेने बोलल्या. "वसंता, जेवून घे रे बाप्पा. तुहे बाबा म्हणून राहिले, पोरगं सकाळपासून उपाशी हाय."

वसंतराव लहान मुलासारखे रडायला लागले. "मॅडम, सकाळचा डबा मी दुकानातच कोणाले देऊन टाकला," ते म्हणाले. "घरी कोणालेच मालूम नाई."

मग उठले, स्वयंपाकघरातून ताट वाढून घेतलं आणि आईच्या खाटेशी बसून जेवले. आई भिंतीकडेच बघत होत्या. पान स्वच्छ झाल्यावर वसंतराव म्हणाले, "जेवलो वं माय." उत्तराची वाटही न बघता त्यांनी आईच्या पायांवर डोकं ठेवलं.

आई होत्या तोवर त्या थेटरात एकही पिक्चर लागला नाही, असं पुढे कानावर आलं. त्यांचा आवाज आमच्यापर्यंत कसा आला, ते मी आजही कागदावर काढून दाखवीन. वसंतराव उपाशी आहेत हे आईंना कसं कळलं, ते काही मला काढता येत नाही... वसंतरावांनी मला ती जाळी बुजवू दिली नाही, यासाठी मात्र मी त्यांची जन्माची ऋणी आहे.