अडीच कपांचा गोलकीपर

फुटबॉल पाहणारे जगात कोट्यवधी असतील, पण कोणता क्लब जिंकला याच्याशी काडीचंही देणंघेणं नसलेला आणि तरी फुटबॉलसाठी जीव टाकणारा माणूस एकच आहे, आणि तो खामगावात माझ्या शेजारच्या घरात राहतो. तो आमच्या जुन्या संघाचा गोलकीपर. आता पंच्याहत्तरीला टेकलाय, गुडघे बोलू लागलेत, पण गावात अजून त्याला सगळे गोलकीपरच म्हणतात. त्याचा आवडता क्लब कोणता, असं कुणी विचारलं तर तो विचारणाऱ्याची कीव करतो. त्याचा कुठलाच क्लब नाही. तो तिहेरीच्या बाजूचा आहे. एखाद्या क्लबानं एकाच मोसमात देशाची लीग, देशाचा कप आणि साऱ्या युरोपचा कप असे तीन मोठे कप उचलले की तो क्लब याचा सोयरा झाला. मग तो लाल शर्टवाला इंग्लिश असो की निळ्या-काळ्या पट्ट्यांचा इटालियन. त्या दिवशी गल्लीत घरोघरी पेढे जातात. ज्यांनी जन्मात फुटबॉल पाहिला नाही अशा म्हाताऱ्या बायका पेढा कपाळाला लावून विचारतात, "कोनाकडे पोरगा झाला बाप्पा?" आणि हा गंभीरपणे सांगतो, "जर्मनीत. तिहेरी झाली."

तिहेरीच्या व्याख्येत तो कुणाला सूट देत नाही. चहाच्या टपरीवर मोबाइल घेऊन बसणारी पोरं मुद्दाम त्याला डिवचतात. एकदा एकानं विचारलं, "काका, लीग झाली, कप झाला, अन् वरतून सुपर कप जिंकला. झाली ना तिहेरी?" हा म्हणाला, "सुपर कप म्हंजे एका मॅचीचा कारभार. हळदीचं जेवन जेवला अन् लग्न जेवलो म्हनतं का बे तू?" दुसरा म्हणाला, "पण काका, तीन कप तं हायेत ना कपाटात!" त्यावर यानं त्याला शेतीच्या भाषेत समजावलं. कापूस, तूर आणि गहू, तिन्ही पिकं एकाच साली सोळा आणे आली असा शेतकरी पाहिलाय का? नाही ना? मग पाहायला मिळाला तर त्याच्या पाया पडशील की नाही? आणि कुणी दोन पिकं घेऊन तिसऱ्याऐवजी परसातली मेथी दाखवू लागला तर?

युरोपातली फायनल आपल्याकडे मध्यरात्री असते. पण हा दहाच्या ठोक्याला झोपतो. त्याच्या मते जागरण करणारा माणूस गोलात उभा राहायच्या लायकीचा नाही. सामना तो दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, आणि तोवर निकाल कानावर पडू नये म्हणून दोन्ही कानांत बोळे घालून फिरतो. खामगावात कापसाला काय तोटा! एका वर्षी दूधवाल्यानं खुणेनं, नुसती तीन बोटं वर करून, तिहेरी झाल्याचं सांगून टाकलं. यानं दूध बंद केलं. उन्हाळाभर कोरा चहा प्यायला, आलेल्यागेलेल्यालाही तोच पाजला, आणि दूधवाला माफी मागायला आला तेव्हा त्याला पण कोरा चहा दिला. सामना बघायला मी हक्काचा सोबती. मलाही बोळे घालावे लागत. दोन म्हातारे कानात कापूस घालून एकमेकांशी हातवारे करत टीव्ही लावतायत, हे दृश्य माझ्या बायकोनं इतक्या वेळा पाहिलंय की आता तिला हसूही येत नाही.

पण एखाद्या क्लबानं दोन कप जिंकून तिसऱ्याच्या फायनलमध्ये हार खाल्ली, की घरात सुतक. दाढी नाही, आंघोळीनंतर अष्टगंध नाही, जेवणात नुसती खिचडी. तो म्हणायचा, "एकबी नाई भेटला तं माणूस दुसऱ्या कामाले लागते. दोन भेटून तिसरा हुकला, तं थो जन्मभर तिथंच उभा राह्यते." हे तो टीव्हीकडे पाहून बोलायचा आणि मी जमिनीकडे पाहायचो. कारण तो ज्या क्लबाबद्दल बोलत होता तो युरोपातला नव्हता. तो आमचा होता, आणि मी त्याचा कॅप्टन होतो.

आमच्या तरुणपणी, एका हिवाळ्यात, कापसाच्या जिनिंगमधल्या आणि कॉलेजातल्या पोरांच्या आमच्या संघानं बुलढाण्याचा कप जिंकला, मग खामगावचा जिंकला. तिसरा मलकापूरचा. जिल्ह्यात ह्याच तीन स्पर्धा मोठ्या. मलकापूरच्या फायनलमध्ये जादा वेळ संपला तरी एक-एक अशी बरोबरी राहिली. पेनल्टीनं निकाल लावायची पद्धत आमच्याकडे तेव्हा रुळली नव्हती. स्पर्धेच्या समितीला भेटून मंडपामागून मी परतलो तो निर्णय घेऊनच: कप दोघांना जोडीनं, सहा महिने त्यांच्याकडे, सहा महिने आमच्याकडे. झाले अडीच कप. गावानं आमचं नावच 'अडीच' पाडलं. आमच्या वाट्याचे सहा महिने कप याच्या घरी होता, पण यानं तो भिंतीकडे तोंड करून ठेवला. शेवटी त्याच्या आईनं त्यात तुरीची डाळ भरली.

मलकापूरच्या समितीनं अन्याय केला, हे त्या दिवसापासून त्याचं वेदवाक्य. परतीच्या ट्रकमध्ये त्यानं शपथ घेतली की मलकापुरात पाय ठेवणार नाही, आणि ती अशी पाळली की भुसावळकडे जाताना मलकापूर स्टेशन आलं की तो खिडकी ओढून घेई आणि गाडी सुटेपर्यंत डोळे मिटून बसे. एकदा शेजारच्या प्रवाशानं तब्येत बरी नाही का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "तब्येत चांगली हाय. गाव खराब हाय."

पुढं दैवानं त्याची गंमत केली. त्याची लेक अकोल्याला दिली होती. जावयाची बदली मलकापूरला झाली आणि त्याचं मन तिथंच रमलं. बापलेकीनं मग एक मार्ग काढला. महिन्यातून एकदा हा खामगावच्या छोट्या गाडीनं जलंब जंक्शनला जायचा, लेक मलकापुराहून तिथं यायची, आणि दोघं फलाटावरच्या बाकावर बसून तिनं आणलेल्या पोळ्या खायचे. "जलंब रेल्वेचं हाय, मलकापूरचं नाई," असा त्याचा खुलासा. नातू त्या बाकावर रांगला, त्या बाकावर बाराखडी शिकला. गावाला वाटायचं, लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये ही जुनी रीत पाळतोय. माझी बायको तर इतर जावयांना, व्याह्यांना त्याचा दाखला द्यायची. "जुन्या वळनाचे मानसं आता कुठं राह्यले!" मी मान डोलवायचो. एवढी वर्षं मी नुसती मान डोलवली.

मागच्या माघात ती लेक माझ्याकडे आली. मलकापूरला तिनं स्वतःचं घर बांधलंय, वास्तुशांत ठरलीय. म्हणाली, "काका, बाबा म्हणतात, पूजेचा परसाद जलंबले आण. आता जलंबले काय मी घर उचलून आणू? तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतात ते." ती हसत बोलत होती, पण पदराचं टोक बोटाला इतकं आवळून गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. त्या क्षणी मी ठरवलं. आणि वय असं की ठरवलेलं उद्यावर टाकायची चैन परवडत नाही.

तो ओट्यावर उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. मी समोर बसलो, चार शेंगा हातात घेतल्या.

"मलकापूरची फायनल आठवते ना?"

"विसराले काय झालं? त्या समितीवाल्यायनं—"

"समितीनं काई केलं नाई," मी म्हणालो. "थे दुसऱ्या दिवशी सकाळी मॅच खेळवाले तयार होते. अध्यक्षांनी दोघा कॅप्टनले विचारलं. जोडीनं कप द्या, असं मीच म्हटलं. अन् तुमाले येऊन सांगतलं का समितीनं ठरवलं."

त्याचे हात थांबले. "काऊन?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी अमडापूरले मुलगी पाहाले जाचं होतं. बाबायले नाई म्हनाची छाती नव्हती."

"कोन्ती मुलगी?"

"कोन्ती म्हंजे? तुही वहिनी."

त्यानं आमच्या घराच्या भिंतीकडे पाहिलं. पलीकडून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, आणि त्या भाकरी त्यानं आयुष्यभर खाल्ल्या होत्या. "वहिनीचा काई दोष नाई," तो पुटपुटला. मला वाटलं, आता शिव्या देईल. तेवढी माझी तयारी होती. अंधार पडला होता, पोरं थकली होती, पाय दुखत होते, अशी सगळी उत्तरं मी घडवून ठेवली होती.

"तं तू जाचं होतं बे," तो म्हणाला. "आमी दहा जन खेळलो असतो. मी होतो ना गोलात!"

मी हातातली शेंग सोलायला लागलो.

"ऊठ," तो म्हणाला. "त्या शेंगा ठेव खाली, अन् जाय."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती आधी खुदकन हसली. "अर्धा कप माह्यासाठी सोडला, अन् मले आजपर्यंत सांगतलंबी नाई?" मग तिचा चेहरा उतरला. "पन भाऊजीले पहिलेच सांगाले पाहिजे होतं तुमी. थे पोरगी त्या फलाटावर बसून राह्यली इतके वर्सं."

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी तो धुतलेलं धोतर नेसून, पिशवी घेऊन स्टेशनकडे निघाला. माझ्या दारावरून गेला, पण मान वळवली नाही. शपथ त्यानं मोडली नव्हती. तिचा पत्ता तेवढा बदलला होता. आता मलकापूर मोकळं झालं होतं आणि वाळीत मी होतो. लेकीनं फोनवर सांगितलं की गाडीतून उतरल्यावर तो आधी घरी आलाच नाही. विचारत विचारत त्या अध्यक्षांच्या घरी गेला. अध्यक्ष कधीच वारले, मुलगा होता. त्या अनोळखी बैठकीत बसून यानं चहा घेतला, पुन्हा मागून घेतला, आणि म्हणाला, "तुमच्या वडिलायबद्दल मी लय वाईट बोललो. थे चुकीचं होतं." कसं कळलं, असं मुलानं विचारलं, तर एवढंच म्हणाला, "कळलं." लेक मला म्हणाली, "तुमचं नाव नाही काढलं काका त्यांनी. घरीपण नाही." माझ्यावर येणारा चेंडू त्यानं अडवला होता. म्हणूनच मला हे सारं लिहावं लागतंय. मलकापूरच्या त्या समितीनं आमच्यावर अन्याय केला नाही. अध्यक्षांनी उलट उतरल्या तोंडाच्या आमच्या सगळ्या पोरांना स्वतःच्या घरी जेवू घातलं होतं, आणि वाढताना पुन्हा मला विचारलं होतं, "विचार पक्का ना?" मी वरण मागितलं होतं.

तो लेकीकडे चांगला पंधरवडा राहिला. परतल्यावरही आमचं बोलणं नाही. यंदाची फायनल त्यानं एकट्यानं पाहिली. मी माझ्या घरी, बोळे न घालता. ते तसं पाहण्यात काही मजा नाही, एवढं कळलं.

काल मात्र लेक येऊन गेली. बापाच्या घरात बुंदीचे लाडू केले होते, त्यांचा स्टीलचा डबा तिनं आमच्या स्वयंपाकघरात ठेवला. "बाबांनी नाही दिला, मी आणलाय," असं आधीच सांगून टाकलं. दाराशी जाऊन पुन्हा वळली. "पण ते म्हणाले, डबा आपला हाय, वापस आला पाहिजे."

लाडू संपायची वाट मी पाहिली नाही. दुसऱ्या भांड्यात काढले, डबा धुऊन उन्हात वाळवला. रिकामा डबा परत करायचा नसतो, म्हणून बायको आत शेव तळतेय. कुणाच्या तरी हाती पाठवा म्हणाली, तर मी नको म्हणालो. उद्या सकाळी मीच घेऊन जाणार आहे. त्यानं नुसता डबा घेतला आणि काही बोलला नाही, तरी मी लगेच उठणार नाही. ओट्याच्या खालच्या पायरीवर बसेन. तिथं सकाळचं ऊन चांगलं येतं, आणि त्याला बोलायला वेळ लागतो, हे मला माहीत आहे.